दोन फेऱ्या बाकी

ताईचा फोन आला तेव्हा मी फीड झोनच्या, म्हणजे शर्यतीत खेळाडूंना पाणी देतात त्या पट्ट्याच्या, दोरीपाशी उभी होते. हातात भरलेली बाटली, डोळे वळणावर. "पुरी केली का गं त्यानं?" एवढंच तिने विचारलं. मागे कुक्करचा आवाज येत होता, म्हणजे स्वयंपाक करता करता जीव न राहवून तिने फोन लावला असणार. हो म्हणणं खरं नव्हतं आणि नाही म्हणणं तर त्याहून खोटं होतं. "संपलं की करते फोन," असं म्हणून मी ठेवून दिला. भाच्याला पंचांनी जरा वेळापूर्वीच थांबवलं होतं. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या. तो सायकल हातात धरून चालत आला तेव्हा चेहऱ्यावर मातीचा थर होता, आणि घाम जिथून ओघळला तिथे तेवढी कातडी दिसत होती. बाटली घेऊन त्याने अर्धी डोक्यावर ओतली, अर्धी प्यायला, आणि "मावशी, मागची शिफ्ट नीट पडत नव्हती" असं काहीतरी तांत्रिक बोलत राहिला. निकालाचा कागद लागला त्यात त्याचं नाव होतं, क्रमांकही होता, आणि वेळेच्या जागी 'उणे दोन फेऱ्या'.

ही माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धेतली गोष्ट. तेव्हापासून ताईचा तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत चार ते सहा किलोमीटरची एक फेरी असते आणि तशा फेऱ्या मारत राहायचं असतं, साधारण सव्वा ते दीड तास. सगळे एकदम सुटतात. पहिल्या खेळाडूच्या पहिल्या फेरीला जितका वेळ लागतो त्याच्या ऐंशी टक्के वेळाने जो मागे पडला, त्याला फेरीच्या शेवटी बाहेर घेतात. समजा पुढच्याने पहिली फेरी पंधरा मिनिटांत मारली, तर मागचा बारा मिनिटांनी मागे पडला की त्याची शर्यत तिथे संपते. कारण सरळ आहे. वाट एका सायकलपुरती असते, दगडांच्या मधून, झाडांच्या मधून, आणि आघाडीचा खेळाडू एक फेरी पुढे जाऊन मागच्याला गाठायला लागला तर दोघांनाही धोका. नियम योग्यच आहे, मी त्याच्याशी भांडत नाही. पण त्याचा अर्थ असा होतो की तुम्हाला किती अंतर चालवायला मिळेल हे तुमच्या पायांइतकंच दुसऱ्याच्या पायांवर ठरतं. आणि जगभरच्या मोठ्या शर्यतींमध्ये मागच्या बऱ्याच जणांच्या नावापुढे हाच 'उणे इतक्या फेऱ्या' असा शेरा असतो. त्यांच्यातले कितीतरी जण आपापल्या देशात पहिले-दुसरे असतात. सायकल मोडली म्हणून किंवा दम संपला म्हणून सोडून देणाऱ्याच्या नावापुढे वेगळा शेरा येतो, त्याला क्रमांक मिळत नाही. यांना मिळतो. यांनी शर्यत सोडलेली नसते.

नाशिकमध्ये हे समजावून सांगणं अवघड जातं आणि त्याचं कारण आपल्या गावाच्या सायकलप्रेमातच आहे. आपलं गाव लांब पल्ल्याचं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत, तेव्हा सायकल न चालवणारी घरंसुद्धा रोज रात्री ते कुठे पोचले ते बघत होती. मग २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. पंढरपूरची सायकल वारी निघते. ब्रेव्हे म्हणतात त्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि त्या वेळेत तुम्ही आलात की झालं, पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही. या सगळ्यात 'पूर्ण केली का' हाच योग्य प्रश्न आहे, मनापासून विचारण्यासारखा प्रश्न आहे. रस्ता तेवढाच राहतो, घड्याळही सगळ्यांना सारखंच असतं. गंगापूर रोडला सकाळी मिसळीच्या टेबलांवर हेल्मेटं ठेवून बसलेली माणसं एकमेकांना हेच विचारतात, आणि त्या प्रश्नात शाबासकी आधीच भरलेली असते. माझ्या भाच्यालाही त्यांनी तेच विचारलं. त्याने मान हलवून "नाही, दोन लॅप राहिले" म्हटलं आणि ती भली माणसं त्याची समजूत घालायला लागली. त्याला समजुतीची गरज नव्हती. तो चिडला होता तो चौथ्या फेरीत एका वळणावर पाय टेकवला म्हणून.

बाटली देणं हे माझं काम ठरलं ते दाजींना द्राक्षाची बाग सोडून येता येत नाही म्हणून. बघायला सोपं वाटतं. चालत्या सायकलवरच्या माणसाला बाटली द्यायची तर ती तोंडाशी, वरच्या टोकाला, दोन-तीन बोटांत सैल धरायची, म्हणजे खालचा सगळा भाग त्याच्या मुठीसाठी मोकळा राहतो. हात पुढे, खांद्याच्या उंचीला, आणि कोपर ताठ ठेवायचं नाही. त्याच्या हाताने बाटली घेतली की आपला हात त्याच दिशेने किंचित जाऊ द्यायचा आणि सोडायची. घट्ट धरली तर त्याच्या मनगटाला झटका बसतो, आधी सोडली तर मातीत. आणि नजर बाटलीकडे ठेवायची नाही, त्याच्या तोंडाकडे ठेवायची, कारण बोलायला श्वास नसतो आणि पाणी हवंय, साखरेचं पाणी हवंय की काहीच नको हे भुवयांवरून कळतं. मदत घेता येते ती फक्त या ठरावीक पट्ट्यात. बाकी पूर्ण वाटेवर पंक्चर झालं, चेन तुटली, पडलं, तर तुमचं तुम्ही. त्या पट्ट्यात मला त्याचं दर्शन दोन सेकंद व्हायचं आणि मग पुढची बारा-पंधरा मिनिटं काहीच नाही. झाडीतून लोकांचे आवाज यायचे, कुठेतरी शिट्टी वाजायची. मुलाच्या परीक्षेच्या हॉलबाहेर मी पुष्कळदा उभी राहिले आहे, पण इतकं कान देऊन कधी उभी राहिले नव्हते.

तो घडला आपल्या इथल्या डोंगरांत. मखमलाबादकडून निघायचं, म्हसरूळच्या अंगाने चामर लेण्यांच्या मागे जायचं, नाहीतर पेठ रोडने आशेवाडीला जाऊन रामशेजच्या पायथ्याच्या वाटा धरायच्या. उजाडायच्या आधी जायचं नाही ही दाजींची सक्त ताकीद, कारण उसात आणि नाल्याकाठी बिबट्या असतो आणि ते कुणी दुसऱ्याने सांगायची गरज नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तो निघेपर्यंत ऊन लागायला सुरुवात झालेली असते. एप्रिलमध्ये या डोंगरांवर सगळं वाळलेलं असतं, कुसळं मोज्यांत शिरतात, बाभळीचा काटा टायरात. टायरात ट्यूब नसते, आत एक दुधासारखं द्रावण असतं आणि लहान भोक ते आपोआप बुजवतं. काटा उपसला की पांढरा थेंब बाहेर येतो, फुसफुसतो आणि थांबतो. मला तो थेंब बघायला अजून आवडतं. मोठा दगड टायरच्या कडेला कापून गेला तर मात्र काही इलाज नसतो. ट्रेक करणारे ज्याला घसारा म्हणतात, तो मुरमाचा सुटा उतार, त्याच्यावर या मुलाचं सगळं शिक्षण झालं. घसाऱ्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक गेलं. दोन्ही ब्रेक बोटभर, वजन पाठीमागे, नजर जिथे जायचं तिथे, ज्या दगडाची भीती वाटते त्याच्यावर नाही. त्या दगडाकडे बघितलं की सायकल त्याच्याकडेच जाते, असं तो म्हणतो. पावसाळ्यात दुसरी तऱ्हा. काळी माती चाकाला धरते आणि फोर्कच्या मध्ये गच्च बसते, मग चाक फिरेनासं होतं आणि सायकल खांद्यावर घेऊन चढायचं. अंगणात पाइपाने सायकल धुताना निघालेला चिखल ताई झाडाच्या बुंध्याशी सरकवते. "रामशेजची माती, बरी असते," म्हणते.

दाजींचा सुरुवातीला विरोध होता, नंतर राहिला नाही, आणि त्यांना पटवलं ते मी नाही किंवा त्यांच्या मुलानेही नाही. त्यांना ते त्यांच्या बागेवरून पटलं. मुलगा हिवाळ्यात नुसताच तास न् तास सपाट रस्त्याने हळू का फिरतो, शर्यती नाहीत, जोर नाही, हे त्यांना खटकायचं. एकदा जेवताना त्याने सांगितलं की हे पुढच्या मोसमासाठी आहे, याचं फळ आत्ता दिसायचं नाही. दाजी घास तसाच धरून म्हणाले, "म्हणजे तुझी ही खरड छाटणी." एप्रिलातल्या छाटणीला द्राक्ष येत नाही, ती काडी तयार करण्यासाठी असते, आणि ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर जे घड लागायचे त्यांचं सगळं त्या उन्हाळ्यातल्या काडीवर अवलंबून. त्यानंतर त्यांनी त्याच्या सरावाबद्दल तक्रार केली नाही. उलट निफाडला पारा खाली गेल्याची बातमी आली की रात्री शेकोट्या पेटवायला उठलेला हा माणूस पहाटे मुलाच्या खोलीत डोकावून "आज धुकं जास्त आहे, उशिरा जा" असं सांगून जायला लागला.

पण करिअर. हा शब्द दाजी उच्चारतात तेव्हा मला उत्तर शोधावं लागतं.

या खेळात शर्यतीचं बरंचसं पहिल्या तीन-चार मिनिटांत ठरून जातं. सुरुवातीला रुंद रस्ता असतो, तो लगेच अरुंद होतो, आणि त्या तोंडाशी जो विसाव्या क्रमांकाने पोचला त्याला पुढचे एकोणीस जण उतरून चालायला लागले की थांबावं लागतं. तिथे अर्धं मिनिट गेलं ते नंतर भरून काढायला कोण जाणे किती फेऱ्या. आणि सुरुवातीच्या रांगेत कुणी कुठे उभं राहायचं ते गुणांवर ठरतं. एकेकाचं नाव पुकारतात, क्रमवारीने. पुढच्या रांगेत जायला गुण हवेत, गुण मिळवायला पुढे पोचावं लागतं, पुढे पोचायला पुढची रांग हवी. विश्वचषकात २०१८ पासून वीसेक मिनिटांची एक छोटी शर्यत आधी घेतात आणि तिच्यावर पुढच्या रांगा ठरतात, पण त्या छोट्या शर्यतीत जागा मिळायलाही क्रमवारी लागतेच. युरोपातल्या मुलाला शनिवार-रविवारी गाडीने चार-पाच तासांत गुणांची शर्यत गाठता येते. आपल्या मुलाला विमान लागतं, सायकलीची पेटी लागते, व्हिसा लागतो, आणि तिथे पोचल्यावर त्याचं नाव शेवटच्या काहींमध्ये पुकारलं जातं. देशातसुद्धा त्याच्यापुढे सेनादलाची मुलं असतात, हिमाचलची असतात, ज्यांचं सगळं बालपणच चढावर गेलेलं. २०२३ च्या ऑक्टोबरात आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. पॅरिसच्या ऑलिंपिक पात्रतेची स्पर्धा, आणि आपल्या देशात. तो मित्रांबरोबर नुसती बघायला गेला होता. परत आल्यावर दोन दिवस गप्प होता. मग मला म्हणाला, "मावशी, ते चढावर बोलतात एकमेकांशी." मला आधी समजलंच नाही. ज्या चढावर याचा श्वास तुटतो तिथे त्यांना बोलायला श्वास उरतो, असं त्याला म्हणायचं होतं. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ च्या अटलांटापासून आहे आणि आजवर आपल्याकडचं कुणी त्या सुरुवातीच्या रांगेत उभं राहिलेलं नाही.

त्याच्या खोलीत स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरचं एक चित्र आहे, कुठल्याशा मासिकातून कापलेलं. त्याची कारकीर्द मला आता तोंडपाठ झाली आहे. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य, २०१२ ला लंडनमध्ये शेवटच्या वळणांपर्यंत पुढे राहून एका सेकंदाने रौप्य, २०१६ ला रिओत सुवर्ण. जगज्जेता दहा वेळा, पहिल्यांदा २००९ ला आणि दहाव्यांदा २०२२ ला. २०२५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी त्याने थांबायचं ठरवलं. असं आयुष्य पिढीत एखाद्याला मिळतं. मला स्वतःला जास्त जवळची वाटतात ती दुसरी माणसं. फ्रान्सचा ज्युलियन अब्सालों, अथेन्स आणि बीजिंगचा विजेता, तिसऱ्या सुवर्णासाठी लंडनला आला आणि सुरुवातीलाच पंक्चर होऊन शर्यत सोडावी लागली. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पॅरिसला पंक्चर झालं, चाक बदलायला वेळ गेला, साधारण चाळीस सेकंद, आणि त्याने एकेकाला गाठत शेवटच्या फेरीत एका झाडाच्या दुसऱ्या बाजूने सायकल घालून सुवर्ण नेलं. दोघांना तेच झालं होतं. कोण खचला आणि कोण लढला असं त्यावरून म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पंक्चर कुठे झालं, मदतीचा पट्टा तिथून किती लांब होता, त्यावर चार वर्षं अवलंबून असतात. नॉर्वेची गुन-रिता डाले २००४ ची ऑलिंपिक विजेती, २००९ ला आई झाली, परत आली, आणि २०१८ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत शर्यतीत राहिली. आणि स्वीडनची जेनी रिसवेड्स रिओला बाविसाव्या वर्षी जिंकली आणि त्यानंतर नैराश्यात गेली. त्याबद्दल ती उघडपणे बोलली, खेळापासून दूर राहिली, आणि २०१९ मध्ये लेन्झरहाइडच्या विश्वचषकात पुन्हा जिंकली. हिची गोष्ट मी भाच्याला मुद्दाम सांगितली होती, तो हाड मोडून घरी पडला होता तेव्हा.

ते गळपट्टीचं हाड. रामशेजच्या बाजूला एका ओढ्याच्या काठावर पुढचं चाक दगडांत अडकलं आणि तो खांद्यावर पडला. सोबतचा मुलगा त्याला गावातल्या एकाच्या पिकअपमध्ये टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांच्या मध्ये बसवून शहरात घेऊन आला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तो एक्स-रेच्या बाकावर पांढराफटक बसला होता आणि सायकल कुठे ठेवली असं विचारत होता. ताई रडत होती आणि दाजी काहीच बोलत नव्हते. त्या रात्री मला वाटलं की बास झालं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहिते आहे. पोरगा हुशार आहे, हाताने चांगला आहे, सायकलचं रिम आउट झालं तर डोळ्याच्या अंदाजाने तारा पिळून सरळ करतो. कुठलंही दुकान त्याला घेईल, सातपूर-अंबडला कुठल्याही कारखान्यात तो उभा राहील. आणि इकडे लाखांत जाणारी सायकल, दर मोसमाला टायर, चेन, ब्रेकचे पॅड, प्रवास, प्रवेश शुल्क, आणि नोकरीतल्या खेळाडूंच्या आरक्षणासाठी पदक विचारतात, 'उणे दोन' ला तिथे रकाना नाही. सहाव्या आठवड्यात तो घरातल्या घरात सायकल स्टँडवर लावून पाय मारायला लागला, एक हात गळ्यात अडकवलेला. मी दारात उभी राहून बघत होते. मला राग आला होता आणि मला रडू आलं होतं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा हेवाही वाटला होता. या वयात मला इतकं हवंसं काय होतं, ते आठवेना.

आपल्या जिल्ह्याने असे खेळाडू पाहिले नाहीत असं नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, जिथे टँकरने पाणी यायचं तिथला मुलगा, सैन्यात जाऊन नौकानयन शिकला आणि २०१६ ला रिओत तेरावा आला. तेरावा. त्याला आपण डोक्यावर घेतलं आणि बरोबरच केलं, कारण तो कुठून निघाला होता हे आपल्याला ठाऊक होतं. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावायची हे जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. निघाल्याची जागा आपल्याला वाचता येते. माझ्या भाच्याच्या बाबतीत ती जागा चुन्याने आखलेली असते, शेवटून दुसरी रांग, आणि ती आम्हा तिघा-चौघांशिवाय कुणी बघितलेली नाही.

मी त्या दिवशी ताईला रात्री फोन केला. मैदानावरून लॉजवर आल्यावर, सायकल धुऊन झाल्यावर. मी तिला सगळं सांगितलं, कितव्या रांगेतून निघाला, अरुंद वाटेच्या तोंडाशी कितवा होता, तिथून किती जणांना मागे टाकलं. चढावर एकेकाला. पहिल्या वर्षी याच स्पर्धेत तो याहून लवकर बाहेर आला होता, मग एका वर्षी एकच फेरी बाकी राहिली होती, आणि हाड मोडल्यानंतर आता दोन. ताई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यानं सोडली नाही." मी म्हटलं, नाही. "मग असं सांग ना," म्हणाली, आणि त्याच्याशी बोलायला मागितलं. तो झोपला होता.

आता दाजींनी विषय काढला आहे. पोराची पंचवीस वर्षं संपत आली, यंदाची छाटणी झाली की बसून ठरवू, असं त्यांनी सांगितलंय. मलाही बोलावलं आहे. त्यांच्या बाजूला आकडे आहेत आणि ते आकडे खरे आहेत. मुलगा म्हणतो अजून दोन मोसम, त्यात एक तरी गुणांची शर्यत बाहेरच्या देशात, आणि मग शेजारच्या गावातल्या पोरांना घसाऱ्यावर उतरायला शिकवायचं काम, जे तो रविवारी आत्ताही करतो. त्यातली एक मुलगी, आठवीतली, ब्रेक न दाबता जिथे उतरते तिथे मी चालतसुद्धा उतरणार नाही. प्रवासाचा अर्धा खर्च मी देईन असं मी त्याला सांगून ठेवलं आहे, दाजींना अजून नाही. त्या बैठकीत ते माझ्याकडे बघतील, कारण माझ्या शब्दाला घरात थोडा मान आहे. मी सायकलच्या बाजूने बोलणार आहे.